बेस गिटार विकायची नाही

लातूर,
मंगळवार, ६ मे १९८६

प्रिय अण्णा,

तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. तू कळवल्याप्रमाणे नांदेडच्या ऑर्केस्ट्राचे मालक व्यंकटी आले, त्यांनी बेस गिटार पाहिली, अॅम्प्लिफायर पाहिला, चहा घेतला आणि रिकाम्या हातानं परत गेले. मी विकली नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर शेवटी काय झालं ते शोधत तू पत्र घाईघाईनं वाचशील. सावकाश वाच. तू पुण्याला नोकरीला लागल्यापासून आपल्या बहीण-भावाच्या पत्रांत तब्येत, पाऊस आणि अव्वाचे गुडघे याशिवाय काही आलेलं नाही.

दुष्काळात ऑर्केस्ट्रा कोण बोलावणार, सामान गंजायच्या आधी काढून टाका, असं तू लिहितोस. लग्नं साधी होऊ लागलीत हे खरं आहे. मुरुडच्या दोन सुपाऱ्या रद्द झाल्या, आपले ड्रमवाले आणि कीबोर्डवाले आपापलं विकून मोकळे झाले. पण आपलं माइक-भोंग्यांचं दुकान बंद पडलेलं नाही. अप्पांचा भोंगा रिक्षावर बांधून दिवसभर फिरतो. कोणत्या गल्लीत टँकर कधी येणार, रेणापूरच्या रस्त्यावर रोजगार हमीचं काम कधी लागणार, हे सगळं गाव आपल्याच भोंग्यावर ऐकतं. अप्पांना आता वायरीला कथिलाचा बारीक डाग देताना दिसत नाही, म्हणून माइक, भोंगे, अॅम्प्लिफायर सगळं मीच उघडते. गिऱ्हाईक आधी दारातूनच विचारायचं, तुझे वडील कुठं, शिवप्पा नाही का? आता कुणी विचारत नाही.

गिटारच्या तारा इथं मिळत नाहीत, हे तुला मी काय सांगू. दुबईला निघालेल्या त्या सिकंदराबादच्या वादकाकडून तू गिटार घेतलीस, तेव्हा त्यानंच तुला युक्ती सांगितली होती. तारा बोथट झाल्या की काढायच्या, पाण्यात चांगल्या उकळायच्या, पुसून परत चढवायच्या, मग त्या महिनाभर नव्यासारख्या बोलतात. मार्चमध्ये मी चारही तारा अव्वाच्या पातेल्यात टाकून स्टोव्हवर ठेवल्या. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, ते दिवस. अव्वा पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "प्यायला पाणी न्हाई आन् तू तारा शिजवायलीस?" मी म्हटलं, माझ्या वाटणीच्या आंघोळीचं पाणी आहे. तो आठवडा मी ओल्या फडक्यानं अंग पुसून काढला, आणि तारांचं पाणी निवल्यावर त्यानं दुकानाची फरशी पुसली. आई ती आईच, अव्वानं दुसऱ्या दिवशी ते पातेलं कुलपात ठेवलं. पण ज्या गिटारला तू तीन वर्षांत हात लावला नाहीस तिच्या तारा मी का उकळत होते, हे तुला आता विचारावं लागणार नाही.

व्यंकटी पन्नाशीचे, सफारी घालणारे, बोलायला गोड आणि भाव पाडायला पक्के. अॅम्प्लिफायर चालू केल्याबरोबर मोठी गुणगुण सुरू झाली. त्यांनी लगेच तोंड वाकडं केलं. आतला ट्रान्सफॉर्मर गेलाय, अर्ध्या भावात दिला तर नेतो, म्हणाले. मी म्हटलं, मशीन चांगलं आहे, जमीन सुकली आहे. मागच्या अंगणातला आपला अर्थिंगचा खड्डा आठव. तो ओला असला तरच काम करतो, आणि यंदा माणसांना पाणी नाही तिथं खड्ड्याला कोण घालणार? भांडी विसळलेलं पाणी अव्वा झाडाला ठेवते, त्यातले दोन तांबे मी मूठभर मीठ घालून खड्ड्यात ओतले. चहा होईपर्यंत गुणगुण पार खाली बसली. व्यंकटींनी चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाले, मशीन झालं, पण गिटार वाजवून कोण दाखवणार? मी स्टुलावर बसले आणि गिटार मांडीवर घेतली.

अण्णा, मी आपली सलामीची चाल वाजवली. तीच, जी आपण दोघांनी या दुकानात शटर खाली ओढून बसवली होती. फळीवरचे स्क्रू डब्यात नाचायला लागले, तुला आवडायचे तसे. समोर टोपलीत कांदे विकणारी साखराबाई उठून दारात आली. मी थांबले तेव्हा व्यंकटींनी कप खाली ठेवला होता. ते म्हणाले, "ही चाल मी ऐकलेली हाय. लातूर जिल्हा झाला त्या साली, टाउन हॉलच्या मैदानात. त्या बेसवाल्याची गिटार म्हणून मी आलोय बाई. गिटार काय, कुठंबी मिळती."

त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. आज लिहिते. नवा जिल्हा झाल्याच्या आनंदात व्यापाऱ्यांनी कार्यक्रम ठेवला होता, आणि हैदराबादच्या ऑर्केस्ट्राच्या आधी पाऊण तास आपल्या पोरांना दिला होता. मैदानात मुंगीला जागा नव्हती. मी वायरी जोडायला आले होते. तू मंडपामागे पत्र्याला टेकून ओकत होतास. हात पुढे करून मला दाखवलेस, बोटं थांबत नव्हती. मी पाणी दिलं, तुझा घाम पुसला, आणि तू म्हणालास, "नीलम्मा, तू वाजव. कुणाला सांगू नको." मी लांब वायर लावून स्पीकरच्या पेट्यांमागे खोक्यावर बसले. निवेदकानं तुझं नाव घेतलं. बेसवाल्याकडे कोण बघतं? बेस कानाआधी छातीला कळतो, आणि लोक गाणाऱ्याकडे बघत राहतात. पाऊण तास तू माझ्या शेजारी जमिनीवर बसलास, आणि मी समोरच्या लाकडी फळ्या बघत वाजवलं. तुझ्यासाठी वाजवलं, पण खोटं कशाला लिहू, तितकी खूश मी आयुष्यात कधी झाले नव्हते. मग तू पुढे गेलास, आणि अध्यक्षांनी तुझ्या अंगावर शाल घातली.

मी तुला भित्रा कधीच म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. एवढी गर्दी बघून कुणाचेही हात कापतील. राग मला त्या दिवसाचा नाही. तू यंदा लिहिलंस, "तुला त्या गिटारचा काय उपयोग," त्याचा आहे. बाकी कुणी विचारलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

व्यंकटींना मी सांगितलं, "तो बेसवाला मीच. पेट्यांच्या मागं बसले होते." ते आधी हसले. मग मी ती चाल पुन्हा वाजवली, मधला अवघड तुकडाही, जो तुला कधी बसला नाही. मग ते हसले नाहीत. पण अण्णा, अप्पा गल्ल्यावर बसून वायरीची गुंडाळी करत होते. त्यांनी सगळं ऐकलं. मला ते तिथं आहेत हे माहीत होतं. माहीत असून मी बोलले.

व्यंकटी गेल्यावर अप्पा म्हणाले, "मग त्या दिवशी मी शाल कुणाच्या अंगावर बघितली?" एवढंच.  लिंगपूजा केली, जेवले, झोपले.  पोरगा कलावंत होता, नोकरीनं त्याची कला मारली, असं ते तीन वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले होते. मला वाटलं, मी त्यांच्या हातातलं काढून घेतलं. रडले, पण बोललेलं परत घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी गिटारची वायर उचलली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ धरली, टोकाचा डाग नखानं तपासला आणि विचारलं, "नांदेडला अहमदपूरवरून जायचं का उदगीरवरून?"

कारण व्यंकटींनी मला बोलावलं आहे. येत्या रविवारी संध्याकाळी नांदेडला जनावरांच्या छावणीसाठी मदतीचा कार्यक्रम आहे. दुष्काळात ऑर्केस्ट्रा कोण बोलावणार, याचं उत्तर हे घे: दुष्काळच बोलावतो. मी माझ्या गिटारनं, आपल्या अॅम्प्लिफायरवर वाजवणार आहे, पुढे, ड्रमच्या बाजूला उभी राहून. अप्पा बरोबर येत आहेत. तिथली अर्थिंग आपण स्वतः बघणार म्हणतात.

आता उदगीरचं. धोंडप्पांच्या मुलाचं स्थळ तू मनापासून आणलंस हे मला कळतं. अडत दुकान आहे, माणसं आपल्यातली आहेत. पण मुलीनं दुकानात बसायचं नाही आणि "ते वाद्य" घरात आणायचं नाही, या त्यांच्या दोन्ही अटी तू मला न विचारता कबूल केल्यास. म्हणूनच गिटार विकायची घाई होती ना? मी धोंडप्पांना स्वतः कार्ड टाकलं. लिहिलं की मुलाला घेऊन रविवारी नांदेडला या, मला वाजवताना बघा, आणि मग हो किंवा नाही म्हणा. अव्वा म्हणते, पोरगी अशी पत्रं लिहीत असती का? मी म्हटलं, लिहिली. त्यांचं उत्तर आलेलं नाही. न येवो. मला झोप चांगली लागते.

हे सगळं तुला आजच का लिहिते आहे, ते सांगते. रविवारी व्यंकटी माइकवरून माझं नाव घेणार आहेत, आणि टाउन हॉलच्या मैदानावर त्या दिवशी कोण वाजवत होतं तेही सांगणार आहेत. त्यांनी मला विचारलं, सांगू का? मी हो म्हटलं. नांदेडात पुण्याला जाणारी-येणारी माणसं पुष्कळ आहेत. तुमच्या बैठकीत शालीचा फोटो आहे, आणि वहिनी पाहुण्यांना तो कौतुकानं दाखवते, असं तिनंच मला लिहिलं होतं. तिला हे परक्याच्या तोंडून कळावं असं मला वाटत नाही. हे पत्र पोचेल तेव्हा तुझ्या हातात दोन-तीन दिवस असतील. तू सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला तुझा राग येणार नाही, माझं मन सांगतं. परवानगी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, आणि माफी मागायलाही नाही. जमलं तर तिला घेऊन शनिवारी निघ आणि माझ्यासमोर येऊन बस. नाही आलास तरी मी वाजवणारच आहे.

तुझीच,
नीलम्मा