डाव्या हाताची ट्यूब

प्रिय आर्या, माझे बाय,

हॉस्पिटलातली माणसं पहिल्यांदा घरी आली तेव्हा सगळ्यात आधी आली ती सलोनी डॉक्टरीण, स्कूटीवरून, आणि तिच्या पाठोपाठ शेजारची इनेझ. आपल्या दारात कोणाची गाडी थांबली की इनेझच्या हातून भाजी फोडणीला पडतच नाही, आधी कुंपणाशी येऊन बघून जायला लागतं. मोठे डॉक्टर कौस्तुभ मागून आले, कॅमेऱ्याची पेटी सांभाळत. केळीला पाणी सोडलं होतं, त्या चिखलात त्यांचा एक बूट रुतून बसला. मी म्हटलं, राहू दे, नंदाखालला आलात याची खूण झाली.

फोनवर सांगितलं असतं गं. पण मी हातांचा विषय काढला की तू नंतर बोलते म्हणतेस आणि फोन ठेवतेस. म्हणून चौथीतल्या अक्षरात लिहिते आहे, समजून घे. तुझे बाबा आज आलेत, त्यांच्याबरोबर केळ्यांच्या पिशवीतून पाठवते.

तर माझे हात. भाकरी थापायला घेतली की भेगांतून रक्त यायचं, पांढरे पापुद्रे पिठात पडतील म्हणून मीच परातीपासून लांब राहायचे. हॉस्पिटलात सोरायसिस म्हणाले आणि विचारलं, आजी, नव्या मलमाचा अभ्यास चाललाय, भाग घ्याल का? सगळं समजावून सांगितलं, मी सही केली. लाल टोपीची ट्यूब उजव्या हाताला, निळ्या टोपीची डाव्याला. एकीत औषध, दुसरीत नुसतंच मलम. कुठल्या ट्यूबमध्ये काय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही म्हणे, शेवटी उघड करणार. मी म्हटलं, हे बरं आहे, वैद्यालाच माहीत नाही.

त्याचबरोबर म्हाताऱ्या कातडीचाही अभ्यास आहे त्यांचा. उन्हातान्हात बागेत राबलेल्या आम्हा बायांची कातडी कशी आणि का लवकर म्हातारी होते, ते बघतात. माझी हनुवटी एका स्टँडवर टेकवून फोटो काढले, एवढे तर माझ्या लग्नातही काढले नव्हते. मग हाताची कातडी बघितली आणि दंडाच्या आतली, जिथे ऊन कधी लागत नाही. सलोनी म्हणाली, आजी, हात ऐंशीचा आहे पण दंड पन्नाशीचाच वाटतो. आठ दिवस मी इनेझला दंड दाखवत होते. ती म्हणाली, पुरे कर मनोरमा, उद्या नवरा शोधशील.

आता घोळ ऐक. नाताळात इनेझने वाटीभर फुगे पाठवले, ते तळलेले गोल पाव, तिच्या हातचे, अजून गरम. तुला माहीत आहे, आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. घरात त्या वेळी गूळही नव्हता, खोबरंही नव्हतं. तिच्या टाचा फुटलेल्या असतात, म्हणून मी वाटीत निळ्या टोपीची एक ट्यूब ठेवून दिली. ती खुशीने चोळत बसली. मला काय माहीत, हे लोक उरलेल्या ट्यूबा तराजूवर तोलून बघतात. परवा वजन जुळेना. कौस्तुभ डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. इनेझने तिथल्या तिथे चप्पल काढली आणि टाच पुढे केली, म्हणाली, बघा, काडीचाही फरक नाही, म्हणजे निळी ती खोटी. डॉक्टर म्हणाले, मावशी, असं शास्त्र नसतं हो, आणि दुसऱ्याचं औषध लावायचं नसतं. पण हसू काही त्यांना आवरलं नाही.

मला वाटलं, आता अभ्यासातून काढतात की काय. काढलं नाही. डाव्या हाताचं त्या महिन्याचं धरणार नाहीत, एवढंच. आणि उजवा हात, बाय, उजवा हात इतका मऊ झालाय की काल मी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सगळ्यांसाठी, आणि सगळ्यांनी खाल्ल्या.

हे सगळं तुला का लिहिलं ते तू ओळखलं असशील. तुमच्या एव्हरशाईन सिटीत त्या जिन्यातल्या बाईने तुझी कोपरं बघून हे लागतं का गं विचारलं, तेव्हापासून तू वैशाखातही पूर्ण बाह्या घालतेस, औषध सोडलंस, आणि इतक्या जवळ असून आजीकडे येत नाहीस. तर ऐक. परवा सलोनी ओटीवर बसली, उकडत होतं म्हणून बाह्या वर सारल्या, आणि तिची कोपरं अगदी तुझ्यासारखी. इनेझला कुठला दम, तिने विचारलंच. ती म्हणाली, सोरायसिस आहे मावशी, शाळेपासून, लागत नाही कोणाला, औषधाने आटोक्यात राहतो, अजून एक केळं द्या. इनेझने अख्खी फणी पुढे केली. मी तुझं नाव त्यांना सांगितलेलं नाही, आईशप्पथ. ते तू सांगायचं, वाटलं तर. नाही वाटलं तर पूर्ण बाह्यांत ये, ओटीवर बस, भाकरी खा आणि जा. डॉक्टर दोघं येत्या रविवारी, चर्चमधली मोठी मिस्सा सुटली की येतो म्हणालेत.

तुझीच, पन्नाशीच्या दंडाची,
आजी