टाकीचं झाकण

३ फेब्रुवारी

चि. ठमीस, दादाचे भरभरून आशीर्वाद.

तुझी वहिनी गेल्यापासून गाडी दारातच उभी असते. गेल्या आठवड्यात चढावर नेली, तर वीसेक मिनिटांत आचके देत बंद पडली. पाव तास थांबलो, तर पुन्हा निमूट सुरू! प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, तरी तेच. मेकॅनिक म्हणाला, पन्नास वर्षांची म्हातारी आहे, भंगारात द्या. म्हटलं, मी सत्तरीचा, मलाही घेऊन जा. तो हसला नाही. तू बसच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलीस, काय ते तूच सांग.

तब्येत ठीक. स्वयंपाक जमतो, एकट्यापुरता बेतायला जमत नाही.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न.

गाडी थांबून सुधारते, म्हणजे पेट्रोल पोचत नाहीये. पुन्हा आचके दिले की टाकीचं झाकण सैल कर आणि कान लाव. ‘सूं’ असा आवाज आला, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल बाहेर येत नाही. पण ते बुजलं कशानं? काय फासलंस त्याला? खरं सांग. आणि तब्येतीला दोनच ओळी? गाडीची नाडी मी पाहीन, तुझी कोण पाहणार?

तुझी,
ठमी

१९ फेब्रुवारी

चि. ठमीस,

झालं ‘सूं’! भोकात पॉलिशचं मेण बसलं होतं. सुईनं काढलं, गाडी एका दमात चढ चढली. मेण माझंच. वर्षभर रोज सकाळी गाडीला पॉलिश करतोय. तेवढाच दुपारपर्यंतचा वेळ जातो. शेजाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला हौस फार.

वर पोचल्यावर सवयीनं उतरलो आणि पलीकडचं दार उघडलं. ते धरून जरा वेळ तसाच उभा राहिलो. मग लावलं.

गाडी आता कुठंही जाईल. कुठं न्यावी, ते सुचत नाही.

दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,

माझ्याकडे आण. दोन दिवसांचा रस्ता आहे. दुपारी इंजिनाला विसावा दे, स्वतःलाही दे.

तुला कधी सांगितलं नाही, पण निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर रेडिओ लावून ठेवते. ऐकत नाही. घरात कुणीतरी बोलतंय, एवढंच हवं असतं.

उत्तर पाठवू नकोस. निघ.

लोभ आहेच, तो न्यायला तरी ये.

ठमी