रुळातली काठी

॥ श्री पांडुरंग ॥
कुंभकोणम्
१० जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अण्णास,

गायत्रीचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं क्षेम. वहिनींच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. फोनवर तुझं अर्धं लक्ष टीव्हीकडे असतं आणि इकडे अम्मा कान लावून बसलेली असते, म्हणून पत्र. माझ्या तंजावरी मराठीला तुझी पुण्याची नातवंडं हसणार, ते ठाऊक आहे. हसू देत. 'उदंड' म्हटलं की त्यांना गुदगुल्या का होतात, ते मला अजून कळलेलं नाही.

अम्मा बरी आहे. जेवते, झोपते. मला 'टीचर' म्हणते, "शाळा सुटली कां?" म्हणून विचारते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण तिच्यासमोर मी अजून नोकरीवर आहे. तेवढं सोडलं तर बरी आहे. कोइंबतूरच्या वृद्धाश्रमात तू तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहेस, ती राहू दे बापडी, पण तिची आत्ता गरज नाही. अम्मा एकदा जरी एकटी घराबाहेर गेली तर मी स्वतः तिला तिकडे पोचवीन, असं दसऱ्याला मी कबूल केलं होतं. विसरले नाही.

आता बातमी. गेल्या महिन्यात आमच्या रस्त्यावर चोरी झाली. चोरानं कुलूप फोडलं नाही, काचेला ओरखडा नाही. ॲल्युमिनियमचं सरकतं दार दोन्ही हातांनी वर उचललं, रुळातून सोडवलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. इतकं सोपं! आमच्या हॉललाही अगदी तसंच दार आहे, मागच्या अंगणात उघडणारं. अंगणाच्या पलीकडे कालवा. दोन्ही खोल्यांना सरकत्या खिडक्या. मी घाबरले.

पण घर भाड्याचं. घरमालक चंद्रमौली म्हणजे देवमाणूस, फक्त भिंतींच्या बाबतीत राक्षस. "टीचरम्मा, भिंतीला खिळा नाही, चौकटीला भोक नाही," हे त्यांनी करारात लिहून घेतलंय. मी कॅलेंडरसुद्धा फ्रिजवर चिकटवते. मग चोळपुरम्‌हून साईकुमारला बोलावलं. हा ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या करतो. तो हसला. म्हणाला, भोक कशाला पाहिजे? दार बंद करा, मागे रूळ रिकामा उरतो, त्या मापाची काठी कापून त्यात आडवी ठेवा. बाहेरचा माणूस ढकलून ढकलून दमेल. मी फरशी पुसायच्या काठीचा दांडा दिला, त्यानं बरोबर कापला. दार वर उचलता येऊ नये म्हणून वरच्या फटीत रबराची पट्टी दाबून बसवली. खिडक्यांच्या रुळांवर अंगठ्यानं पिळायच्या क्लिपा लावल्या, त्याच तऱ्हेची मोठी क्लिप दाराला. शेवटी एक छोटी बॅटरीची घंटा चिकटवली. तिचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर झाले की ती अशी किंचाळते की चंद्रमौली वरच्या मजल्यावरून धोतर सावरत खाली येतात.

आणि आता ऐक गंमत. हे सगळं आपली अम्मा उघडते! जिला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, ब्लाउजचं बटण कुठल्या काजात जातं ते कळत नाही, ती. काठी दोन दिवसांत उमगली. क्लिपेला चार दिवस लागले. क्लिप मला कुठे सापडली सांगू? तिच्या कुंकवाच्या करंड्यात. काठी कोपऱ्यात उभी, अगदी शिस्तीत. परवा घंटेचे दोन्ही तुकडे तिनं दारापासून सोडवले आणि एकमेकांना तसेच चिकटलेले ठेवून फडक्यात गुंडाळले. ती वाजलीच नाही. साईकुमारनं कपाळाला हात लावला. पाटी म्हणजे आजी. म्हणाला, "पाटीअम्मा चोर असती तर कुंभकोणम् रिकामं झालं असतं." मी तर थक्क झाले, अण्णा. ही बुद्धी तिच्यात कुठून येते? पण बाहेर पाऊल टाकत नाही हं. दार परत लावलेलं असतं. रोज तिन्हीसांजेलाच तिला हे सुचतं, का कुणास ठाऊक.

बाकी उदंड बरं. काळजी नसावी.

तुझी,
गायत्री


कुंभकोणम्
२२ जानेवारी २०२५

अण्णा,

तुझं दोन ओळींचं पत्र पोचलं. "चोर काय संध्याकाळी सहाला येतो? गायत्री, काय लपवते आहेस?" लहानपणीही तू असाच होतास. मी डब्यातला लाडू खाल्ला की माझ्या तोंडाकडे न बघता डब्याच्या झाकणाकडे बघायचास.

लपवलं. अम्मा बाहेर गेली होती.

अठरा डिसेंबरला सकाळी सरकत्या दारात काठी घातली. त्याच संध्याकाळी रीतीप्रमाणे मी पुढचं लाकडी दार उघडलं, दिवा लावला आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेले. फार तर पाच मिनिटं. बाहेर येऊन बघते तर अम्मा नाही. मी कुठे कुठे धावले ते सांगत नाही. फुलं विकणारी कामाक्षी तिला हाताला धरून घेऊन आली. कालव्याच्या पुलावर उभी होती म्हणे, अनवाणी, हातात कुंकवाचा करंडा. मी ओरडले तिच्यावर. हो, ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "दार उघडायास आंत कोण्ही नाहीं." मला वाटलं, बरळते आहे.

कबूल केलेलं मोडलं होतं. तुला कळवलं असतं तर तू लगोलग आला असतास आणि तिला कोइंबतूरला नेलं असतंस. म्हणून गप्प बसले, आणि चोराच्या नावाखाली अम्माला कोंडायला लागले. त्या दिवसापासून तिन्हीसांजेचं लाकडी दारही उघडेनाशी झाले. क्लिपा, घंटा, रबर, सगळं तिच्यासाठी. चोर बिचारा कधीच दुसऱ्या गावी गेला असेल.

गेल्या शुक्रवारी मी ठरवलं, एकदा बघू तरी ही काय करते. घंटा तेवढी काढून ठेवली, बाकी सगळं तसंच. स्वयंपाकघराच्या दाराआड स्टूल घेऊन बसले. सहाला दहा मिनिटं होती. तुला खरं सांगते, मला वाटलं होतं की ती दार उघडून कालव्याकडे धावेल आणि मी मागून पकडीन. पायांत चपलासुद्धा घातल्या होत्या.

अम्मा उठली. न्हाणीत जाऊन पाय धुतले, तोंड धुतलं. केस सारखे केले, पदर डोक्यावरून घेतला. कोणी सांगितलं नाही, कोणी हात धरला नाही. आधी ती लाकडी दाराकडे गेली, कडी लागली आहे ना ते हात लावून पाहिलं. मग सरकत्या दाराशी खाली बसली. काठी दोन्ही हातांनी उचलली, जशी देवाची वस्तू उचलावी तशी, आणि कोपऱ्यात उभी केली. क्लिप सोडवली, करंड्यात ठेवली. दार पूर्ण सरकवलं. माझ्या दुसऱ्या, ओल्या चपला बाहेर उंबऱ्याशी पडल्या होत्या, त्या उचलून बाजूला केल्या. मग उंबऱ्यात उभी न राहता एका कडेला सरकली. आलेल्या माणसाला वाट द्यावी तशी. समोर अंगणात माझी तुळस, तिच्यावर शेवटचं ऊन. अम्मानं तुळशीला कुंकू वाहिलं नाही, हाक मारली. "ये. आंत ये. उदंड वेळ उभी आहेस."

मी पायांतल्या चपला काढल्या, अण्णा.

तुझ्याकडे फ्लॅटमध्ये हे पाळत नसतील. दिवेलागणीला मागचं दार लावायचं आणि पुढचं उघडायचं. लक्ष्मी पुढून येते, ती मागून निघून जाता कामा नये. आडुतुरैला अप्पांच्या क्वार्टरमध्ये पुढच्या दारासमोर तुळस होती, आठवतं? अम्मा दार उघडायची आणि आपण दोघं उंबऱ्यावर बसलो तर धपाटा मिळायचा. या घरात ऊन फक्त मागच्या अंगणात येतं, म्हणून तुळशीची कुंडी मी तिकडे ठेवली. मीच ठेवली. तुळस जिकडे, तिकडे पुढचं दार, अम्माच्या लेखी हिशोब सरळ. म्हणजे या घरात आल्यापासून डिसेंबरपर्यंत मी रोज संध्याकाळी मागचं दार सताड उघडत होते आणि पुढचं लक्ष्मीच्या तोंडावर लावत होते. शहाणी टीचर!

आणि त्या अठरा तारखेचं आता कळलं. तिच्या पुढच्या दारात, म्हणजे सरकत्या, मी काठी घातली होती, ती तिला त्या दिवशी निघाली नाही. म्हणून ती तिच्या मागच्या, लाकडी दारानं निघाली, घराला वळसा घालून पुढचं दार बाहेरून उघडायला. वळण चुकलं आणि पुलावर पोचली. ती पळून जात नव्हती, अण्णा. माझ्या काठीनं तिला बाहेर काढलं.

स्वतःची लेक जिला ओळखू येत नाही, ती एवढं एक काम सांभाळून आहे. त्यासाठी तिनं तीन कुलपं शिकून घेतली. मी पस्तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं, पण शिकण्याची अशी हौस पाहिली नाही.

शनिवारपासून क्रम बदलला आहे. सहाला मी लाकडी दार लावते. अम्मा सरकतं दार उघडते, मी शेजारी पाट घेऊन बसते, तिचा पदर हाताला लागेल इतकी जवळ. पंधरा मिनिटांनी ती दार ओढते. क्लिप मी पिळते, काठी ती घालते. खिडक्यांच्या क्लिपाही मग तिच्याच हातून. रात्री घंटा लावते. चोराचा बंदोबस्त आहे तसा आहे, चंद्रमौलींच्या भिंतीही शाबूत आहेत.

तू म्हणशील, बाहेर गेली ती गेलीच, शब्द म्हणजे शब्द. खरं आहे. तू ने म्हटलंस तर मी अडवणार नाही, तिची पिशवी भरून देईन. फक्त एक कर. कोइंबतूरला संध्याकाळी सहाला तिला कोणतं दार उघडू देतील, ते विचारून घे.

आणखी एक सांगायचं राहिलं. पहिल्याच दिवशी दार ओढल्यावर अम्मानं काठी हातात घेतली आणि थांबली. मला विचारलं, "असकीं आलीं कां?" असकीं म्हणजे सगळी, तुझ्या नातवंडांसाठी लिहिते. आडुतुरैला कडी घालण्याआधी ती हेच विचारायची. मी म्हटलं, आली. तिनं बोटं मोजली. "गायत्री आली. अनंता?" माझं नाव तिनं घेतलं, तुझंही, पण माझ्याकडे बघून नाही. मी म्हटलं, अनंता अजून यायचा आहे. तशी ती काठी मांडीवर घेऊन बसून राहिली. अर्धा तास. दार नीट लागलेलं नाही, डास आत येताहेत, आणि ती हलायला तयार नाही.

शेवटी मी म्हटलं, "आला, अम्मा. अनंता आला. पाय धुतोय." तिनं लगेच काठी रुळात ठेवली, वरून हात फिरवला आणि जेवायला उठली.

शनिवारपासून रोज हेच चाललंय. तुझ्याशी एक खोटं बोलले होते, ते आज कबूल केलं. तिच्याशी रोज एक बोलते, ते मात्र मला एकटीला खरं करता येत नाही.

पाय धुवायला पाणी काढून ठेवलेलं असतं. पुढच्या दारानं ये, तुळशीकडून.

तुझी वाट पाहणारी,
गायत्री