नव्या सर्व्हरवरील ‘राखीव’ भागाबाबत

प्रति,
मा. प्रमुख अभिलेख अधिकारी,
मुख्य अभिलेख कार्यालय, दुसरा मजला.

विषय : डिस्कच्या विभागणीस मंजुरी व तदनुषंगिक संरक्षण मिळणेबाबत.
संदर्भ : आपला तोंडी आदेश, जिन्यात, मागील सोमवार.

महोदय,

१. डिस्कची विभागणी पूर्ण झाली असून लिनक्स ही संगणक प्रणाली सुरळीत चालू आहे. तथापि आपली लेखी मंजुरी अद्याप न आल्याने विभागणी झालेलीच नाही असे समजून पुढील मजकूर वाचावा.

२. नियोजित विभागणी अशी : एकूण ५०० जीबी. पैकी मूळ प्रणालीस ६०, नोंदींना ८०, स्वॅपला (मेमरी अपुरी पडल्यास लागणाऱ्या जागेला) १६ आणि कर्मचाऱ्यांच्या फोल्डरांसाठी ‘होम’ला ३००. उरलेले ४४ पुढेमागे लागतील म्हणून मी मोकळे सोडले होते. तक्ता पाहून हेडक्लार्क साहेब म्हणाले, “मोकळी जागा कागदावर दिसली की वरून विचारणा येते. काहीतरी नाव टाक आणि सुट.” मी ‘राखीव’ असे टाकले. कोणासाठी राखीव, हा रकाना तक्त्यात नव्हता.

३. मंगळवारी दप्तर सांभाळणाऱ्या मावशींचे फोल्डर ‘होम’मधून ‘राखीव’मध्ये गेलेले आढळले. मी हलवलेले नाही. बुधवारी मावशी आल्या नाहीत. गुरुवारी त्यांची खुर्चीही आली नाही. हेडक्लार्क साहेबांना विचारले असता, “कोण मावशी? डोकं ठिकाणावर आहे ना?” असे उत्तर मिळाले. शुक्रवारी साहेबांचे फोल्डर गेले. शिपाई म्हणतो, त्यांची केबिन पहिल्यापासून रिकामीच आहे.

४. सदर भाग पुसण्याचा प्रयत्न केला. वापरात असलेला भाग लिनक्स पुसू देत नाही. आधी तो प्रणालीपासून सोडवावा लागतो. सोडवताना ‘वापरात आहे’ असे उत्तर येते. कोण वापरते हे तपासले असता वरील दोघे कामावर हजर दिसले. मावशी तर दहाच्या ठोक्याला, जे त्यांना इकडे असताना एकदाही जमले नव्हते.

५. आज सकाळी मावशींच्या फोल्डरात एक नवी फाइल आली. मजकूर : “बाळा, साहेबांनी इथेही पंखा स्वतःकडे वळवून घेतलाय. ये लवकर, तुझी जागा धरून ठेवलीय.” माझे फोल्डर या क्षणी एकाहत्तर टक्के तिकडे गेले आहे. टेबलाचा डावा खण सापडत नाही. घरी फोन केला तर ताईने “कोण बोलतंय?” असे विचारले. ती थट्टेने नेहमीच असे विचारते, त्यामुळे हा पुरावा धरू नये. मात्र या खेपेस ती हसली नाही.

६. सर्व्हर बंद करणे हा उपाय मलाही सुचला. परंतु बंद करण्याच्या अर्जावर हेडक्लार्क साहेबांची सही लागते.

तरी ‘राखीव’ भागास ‘होम’च्या दिशेने उघडणारे एक दार आज कार्यालय सुटण्यापूर्वी बसवून मिळावे. कडी ‘राखीव’च्या आतल्या बाजूने असावी, ही विनंती.

आपला नम्र (उर्वरित),
संगणक चालक
सोमवार, सकाळी ११.४०

सोबत : विभागणीचा तक्ता, एक प्रत. अर्जदाराचे ओळखपत्र, छायाचित्राविना.