एक शून्य जास्त

३ नोव्हेंबर
वडूजला आले आणि पहिल्याच दिवशी मन प्रसन्न झालं. हे लिहून ठेवते, कारण असं मी फारसं लिहीत नाही. सांगलीच्या हायस्कुलात पस्तीस वर्षं गणित शिकवलं, निवृत्तीनंतर तीन वर्षं शेजारच्या डॉल्बीशी भांडले, आता पुरे. इथे दोन खोल्या, पुढे ओटा, मागे ज्वारीचं रान आणि कोरडी, शहाणी हवा. मालकीण विजयमालाबाई पलीकडच्या घरात राहतात. सुभेदाराची विधवा, मुलगाही फौजेत. लालभडक लुगडं, आवाज परेडच्या मैदानावरचा. सकाळी दूध घेऊन न विचारता थेट स्वयंपाकघरात येतात. उद्यापासून आतून कडी लावणार आहे.

११ नोव्हेंबर
ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागली. विजयमालाबाईंनी परवानगी न घेता माझी पापणी खाली ओढली आणि निदान केलं, "आवं बाई, रगत लय कमी हाय तुमचं. बाईमाणसाचं असतंच." असतंच म्हणजे काय? म्हणे त्यांच्या सासूचं होतं, नणंदेचं होतं. दोघी कशाने गेल्या, हे विचारलं तर रक्त कमी होतं एवढंच उत्तर. मी चांगलं सुनावलं. मग त्यांनी पाठवलेला गूळ आणि लोखंडी कढईतली पालेभाजी मुकाट्याने खाल्ली.
मागच्या बांधावर दोन मुली बसल्या होत्या. पांढरे फ्रॉक, भर शाळेच्या वेळात. इथले मास्तर काय करतात, देव जाणे.

१९ नोव्हेंबर
रक्त तपासायला स्टँडजवळच्या लॅबमध्ये गेले, तर लॅबवाला निघाला सन्मती. माझाच विद्यार्थी, सातवी ब, शून्य कुठेही ठेवून देणारा. सवय गेलेली नाही. हिमोग्लोबिन सात, म्हणजे कमी, ते पटलं. पण पांढऱ्या पेशी एक लाख बारा हजार! शेजारीच छापलंय, चार ते अकरा हजार. मी म्हटलं, अकरा हजार दोनशे असणार, एक शून्य जास्त पडलंय. तो हळूच म्हणाला, मशीनने दोनदा तेवढेच दाखवले, रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी सांगलीच्या डॉक्टरांना दाखवायला हवी. बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर मी विचारलं, मशीनसुद्धा सातवी ब मधलं आहे का?
हात मागे बांधून, मान खाली घालून उभा राहिला, वर्गात राहायचा तसाच. मग नवा कागद काढून दिला. अकरा हजार दोनशे. म्हणजे किरकोळ सर्दी आणि नुसतं रक्त कमी. लोहाच्या गोळ्या सुरू.

२६ नोव्हेंबर
गोळ्यांनी काडीचा फरक नाही. दंडावर, मांड्यांवर निळे डाग. विजयमालाबाईंनी विचारलं, कुणी मारलं? मला कोण मारणार?
मुली आता ओट्यावर बसतात. नऊ आहेत. फ्रॉक ओळखला. मी लहानपणी शिकले त्या कॉन्व्हेंटचा. लहान वर्गांना नुसता पांढरा फ्रॉक असायचा, लाल पट्टा चौथीत मिळायचा. यांच्यातल्या एकीलाही पट्टा नाही. चेहरेही पुरते झालेले नाहीत. नाकाच्या जागी नुसता उंचवटा.
मी म्हटलं, उठा. एकही उठली नाही. पस्तीस वर्षांत असं घडलेलं नाही.
विजयमालाबाई म्हणाल्या, कुठं हायत पोरी? ह्या अंगाला तर शाळाच न्हाई.

२ डिसेंबर
ताप. हिरड्यांतून रक्त येतं, थांबत नाही.
मुली घरात आल्या. मी कडी लावते, तरी. खुर्चीवर, पलंगावर, माठाच्या तिवईवर. बोलत नाहीत, खेळत नाहीत, काही कामाच्या नाहीत. नुसती जागा अडवतात. मोजायला बसले. साठपर्यंत आले आणि मधल्या मधे आणखी झाल्या.
विजयमालाबाई आज दूध घेऊन आल्या, मी कडी काढली, तर दारातून तिरक्या होऊन आत शिरल्या. इतकं मोकळं दार, तिरकं कशाला? विचारलं तर त्यांनाच सांगता येईना. लाल लुगडं दोन्ही बाजूंनी चेपलेलं मी पाहिलं.

५ डिसेंबर
सन्मती आला. उठून दार उघडवेना. खिडकीतून बोलला, रडत होता. ती काचपट्टी त्याने टाकली नव्हती. माझ्या धाकाने दहा दिवस पेटीत ठेवली, मग सांगलीला पाठवली. आज फोन आला.
"मिस, शून्य बरोबर होतं."
रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी हाडांच्या आत गर्दी करतात. लाल पेशी तयार व्हायची जागाच उरत नाही. म्हणून रक्त कमी. कमी रक्त हे नुसतं वरून दिसणारं.
मी त्याला गाढव म्हटलं नाही. गाढव कोण, ते मला कळलं.
उद्या पहाटे गाडी. सांगलीला बेड मिळालाय. तो म्हणाला, अजून उपाय आहे, फक्त उशीर नको.

६ डिसेंबर, पहाट
गाडी आली. हॉर्न ऐकला.
दार सहा पावलांवर. कडी मीच लावलेली —
पाय ठेवायला जमीन नाही. मांडीला मांडी लावून बसल्यात — भिंतीपासून भिंतीपर्यंत — छातीवरही दोघी —

विजयमालाबाई दार ठोठावतायत. बाई, कडी काढा. बाई —
फटीतून लाल पदर दिसतो. आत येत नाही.

हजेरी घेते. शिस्त म्हणून. नाव पुकारलं की उठावं लागतं, मग तेवढी जागा —
कुणाला नावच नाही —

सन्मती दार फोडतोय. फोड रे. जोराने — मी सांगते म्हणून —
कडीपर्यंत हात पोचतो. मधे फक्त एकच — तिला म्हटलं, बाळ, जरा सरक, मला जा