नयनाचा होल्स्टर मी निवडला

७ सप्टेंबर, रविवार

पिस्तूल! आमच्या हिला! शेहेचाळिसाव्या वर्षी!

खेळण्यातलंच आहे म्हणा, गॅसवर प्लास्टिकची गोळी उडवणारं. खरं इथे जपानात कोण हातात देतंय? पण थाट मात्र खऱ्याचा. कमरेला होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्यान, लावायची, बझर वाजला की पिस्तूल उपसायचं आणि समोरच्या लोखंडी थाळ्यांवर पटापट नेम धरायचा. वेळ मोजतात म्हणे. नयना ज्या शाळेत गणित शिकवते तिथल्या ग्रंथपाल हायाशी-सान हिला रेंजवर, त्यांच्या नेमबाजीच्या जागी, घेऊन गेल्या. बाई साठीच्या आहेत! दोघी खिदळत परत आल्या. नोव्हेंबरात नवशिक्यांची स्पर्धा आहे, तिथं नावही देऊन आली.

मागे घेतलेल्या उकुलेलेचं, त्या चिमुकल्या गिटारचं, काय झालं ते कपाटावर चढून बघावं. हेही महिनाभर.

१० सप्टेंबर, बुधवार

जेवताना म्हणाली, "अहो, होल्स्टर आणि पट्टा घ्यायचाय. मला त्यातलं काही कळत नाही. फार महाग नको. तुम्हीच बघा ना."

बघतो म्हटलं. कोणीतरी शहाण्यानं बघायलाच हवं.

१३ सप्टेंबर, शनिवार

उएनो भागातलं पिस्तुलांचं दुकान. एकेक नग बघून घ्यावा! एक गृहस्थ आरशासमोर पट्टा लावून उभे — पोटाखाली तो पट्टा दिसतच नव्हता. तरी वळून वळून बघत होते.

विक्रेत्यानं पट्ट्यांचं शास्त्र सांगितलं. एक मऊ पट्टा पँटच्या लुप्समधून ओवायचा, त्याच्यावर दुसरा कडक पट्टा चिकटवायचा. पट्ट्यावर पट्टा! उद्या चपलेवर चपला घालायला सांगतील. शिवाय होल्स्टर कमरेच्या खाली आणणारी एक वाकडी पट्टी. "बायकांना सोयीची पडते." बायकांच्या नावावर हे लोक काहीही खपवतात. नयना ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत होती. ठेव म्हटलं खाली. ठेवली.

माझा ऑफिसचा जुना चामडी पट्टा आहे, तो कापून देईन. होल्स्टर इंटरनेटवर स्वस्तात मिळतो. नवशिक्याला आणखी काय लागतं?

२० सप्टेंबर, शनिवार

होल्स्टर आला. खऱ्या पिस्तुलासाठी बनवलेला निघाला! खेळण्यातलं त्यात केसभर अडकतं. तसं वर्णनात लिहिलेलंच आहे, हे मितालीनं दाखवून दिलं. जपानीत, फोनवरून मान वर न करता. आमच्या लेकीला मराठी फक्त आजीच्या व्हिडिओ कॉलला येतं.

मी काय हार मानतो! कानस घेतली, पॉलिश पेपर घेतला, हेअर ड्रायरनं गरम करून आतून पसरवला. अख्खी दुपार गेली, पण आता पिस्तूल सुर्रकन निघतं. दुकानातल्या त्या पोटवाल्याला आणून दाखवायला हवं.

२१ सप्टेंबर, रविवार

नयनाबरोबर रेंजवर गेलो. सामान सगळं तिथल्या मालकांना दाखवलं. चामडं का चांगलं, खाली उतरवणारी पट्टी का निरुपयोगी, सगळं समजावलं. ते दर वाक्याला "नारुहोदो, नारुहोदो" — असं होय, असं होय! पटलं त्यांना. कोणी नीट बोलणारा भेटला नसेल इतकी वर्षं.

नयना म्हणाली, "तुम्ही थांबू नका, उगाच कंटाळाल." निघालो.

संध्याकाळी म्हणाली, "बरगडीत रुततंय हो थोडं." सवय होईल म्हटलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसात मीटिंग. आमच्या टीममधल्या सुयशनं — वय अठ्ठावीस — माझ्याच मॉड्यूलबद्दल माझ्यासमोर तासभर भाषण दिलं. मला कोणी काही विचारलं नाही. हल्ली विचारतच नाहीत. "विजयकुमार-सान, आरामात बसा." आरामात कसला बसतो! पूर्वी साधा सर्व्हर बंद पडला तरी मला फोन यायचा.

इथे लिहायला काय हरकत आहे — तुम्हीच बघा ना, असं मला या वर्षात फक्त नयना म्हणाली. मला फार बरं वाटलं होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

नयनाची वेळ सुधारली! खूपच. मालकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. कानशीचा प्रताप, दुसरं काय! हायाशी-सान मात्र दोन-दोन पट्टे बांधून जिथल्या तिथे. मी नयनाला म्हटलं, सांग त्यांना, पैसे टाकून हात वेगानं चालत नाही. "हो, सांगते," म्हणाली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पट्ट्याला तेल लावलं. चामडं अजून नव्यासारखं आहे. माझी निवड!

९ नोव्हेंबर, रविवार

स्पर्धा. "येऊ नका, तुम्ही बघताय म्हटलं की नेम चुकेल," असं ती म्हणाली होती. तरी गेलो. काचेच्या मागे, खांबाच्या आडोशाला उभा राहिलो.

नयनाचं नाव पुकारलं. ती आली. कमरेला काळा कडक पट्टा, त्याच्या आत दुसरा. होल्स्टर वाकड्या पट्टीवर, खाली मांडीजवळ. हे माझं सामान नव्हतं. बझर वाजला आणि पिस्तूल तिच्या हातात कधी आलं तेसुद्धा मला दिसलं नाही. टण टण टण! ही आमची नयना?

नवशिक्यांत तिसरी आली.

मग लॉकरपाशी गेली. सगळं उतरवून आत ठेवलं. लॉकरवर जपानी कातकाना लिपीत तिचं नाव आणि खाली "सप्टेंबरपासून". मग बॅगेची चेन उघडून माझा पट्टा आणि माझा होल्स्टर आहेत ना ते बघितलं, चेन लावली. दर रविवारी ती हे ओझं न्यायची आणि तसंच परत आणायची. मी शनिवारी त्याला तेल लावायचो.

हायाशी-साननी मला पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी वाकून नमस्कार केला, मग पुन्हा एकदा, आणखी खाली वाकून.

आधीची गाडी पकडून निघून आलो. आधी राग आला. मला मूर्ख समजते? मग आमच्या निशी-कासाई स्टेशनापर्यंत डोळे पुसत आलो. समोरची बाई शिष्टाचारानं खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर नयना म्हणाली, "तिसरी आले! तुमच्या होल्स्टरचा पायगुण!"

वा म्हटलं. छान.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चहाच्या वेळी नयनानं विचारलं, "अहो, आता गोळ्यांची मॅगझिन ठेवायला पाऊच घ्यायचेत. कोणते घेऊ?" तिच्या लॉकरमधल्या पट्ट्यावर आहेत, मी पाहिलेत. तरी तिला सगळं समजावून सांगितलं — चामडी की प्लास्टिकचे, कमरेला पुढे की बाजूला. तिचा चहा गार झाला. ती शेवटपर्यंत ऐकत होती, मध्ये दोन प्रश्नही विचारले.