चोपन्न पायऱ्या आणि माझ्या रक्तवाहिन्या

५ जानेवारी, सोमवार
डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या कडक झाल्यात. मी विचारलं, परत मऊ कधी होतील? म्हणाले, मागे फिरणं अवघड. रोज गोळी, चालणं, तूप-तळण बंद, एवढं केलंत तर पुढे वाढायचं थांबेल, फार तर किंचित उतरेल. तरुण आहे बिचारा, शिकेल. कडक झालेल्या वहाणा मी तेल लावून मऊ केल्यात.
नारायणने लगेच डाव साधला. आई, महिन्याने रक्त तपासू, सुधारलं नाही तर न्यू टाउनला लिफ्टच्या घरात जायचं. लेकाचं ऑफिस तिकडे. पण माझी बंगाली मैत्रीण शेफालीदी इथे, भवानीपुरात, तळमजल्यावर. मी तिसऱ्यावर. मध्ये चोपन्न पायऱ्या. रोज चारला उतरते, बावन्न वर्षं.
महिन्यात शिरा रेशमासारख्या करून दाखवते.
मला अक्षरओळख नाही, म्हणून नात ओवी लिहितेय. कुणाला वाचून दाखवायचं नाही, शपथ घातलीय. मलाही वाचता येत नाही. वही अगदी सेफ.

६ जानेवारी, मंगळवार, अंगारकी
उपाय सापडला. उपास! पोट रिकामं की शिरा आपोआप साफ. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळे धरले. आज फक्त साबुदाण्याची खिचडी (दोनदा) आणि रताळ्याचे तुपातले काप. चंद्र उगवल्यावर मोदक, तो नियमच.
रात्रीची गोळी उपासाला चालते का, कुणास ठाऊक. औषध फेकायचं पाप नको, म्हणून तुळशीच्या कुंडीत खोचली.

१४ जानेवारी, बुधवार, एकादशी
घरी साबुदाणे वडे. चारला खाली. शेफालीदीकडे एकादशीला भात वर्ज्य, म्हणून लुच्या, त्यांच्या मैद्याच्या तळलेल्या पुऱ्या. सात. मराठी आणि बंगाली, दोन्ही उपास एकाच दिवशी करणारी गल्लीत मी एकटीच.
सूनबाई उज्ज्वला म्हणाली, आई, उपास आहे की लग्न? हिला धर्मातलं काय कळतंय.
गोळी कुंडीत. ओवी विचारते, आजी, हे पण लिहू? म्हटलं, सगळं लिही.

२० जानेवारी, मंगळवार
उपास नाही, पण कालच्या उपासाचा थकवा. थकव्यावर गोळी घेऊ नये. चालायला जाणार होते. धुकं. उद्या नक्की.

२२ जानेवारी, गुरुवार
वर येताना दुसऱ्या जिन्याच्या वळणावर बसले. धाप नव्हे. भिंतीचा रंग कसा उडालाय, ते बघत होते. वीस मिनिटं. बराच उडालाय.

३१ जानेवारी, शनिवार
मारुतीचा शनिवारही धरला. तुळस काय तरारलीय! तिच्या शिरा नक्की मोकळ्या झाल्या असणार. म्हणजे औषध चांगलं आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार
रिपोर्ट. आकडे वर. वजन तीन किलो वर. मशीन जुनं दिसतं.
डॉक्टर म्हणाले, ही गोळी लागू पडत नाही, डोस दुप्पट करू, शिरेत नळी घालूनही बघावं लागेल. रोज घेता ना? मी म्हटलं, रोज.
तर ओवी रडायलाच लागली. दप्तरातून वही काढली नि वाचत सुटली. अडखळत, पण तारीखवार. कुंडीपाशी डॉक्टर हसले. लुच्यांपाशी उज्ज्वला हसली. जिन्याच्या वळणाशी कुणी हसलं नाही. नारायण एवढंच म्हणाला, आई, वीस मिनिटं?
मी बोलून टाकलेलं मला कुणी कधी वाचून दाखवलं नव्हतं. वहीतली ती बाई मलाच जरा लबाड वाटली.

५ फेब्रुवारी, गुरुवार
न्यू टाउन ठरलं. अकरावा मजला. शेफालीदीला सांगायला नारायणने हात धरून उतरवलं. ती म्हणाली, लिफ्ट आहे ना, मग रविवारी मीच येते, इथले जिने चढायला माझे गुडघे कुठे धड आहेत. लुच्या आणणार नाही म्हणाली. मुरमुरे आणणार.
आज उपास सोडला. गोळी ओवीसमोर घेतली, वर जीभ बाहेर काढून दाखवली.
तुळशीची कुंडी आता ओवीच्या खोलीत असते.